भिंतीवरची खडूची रेघ बचाव मोजत नाही: कनिष्ठ बास्केटबॉल संघांच्या निवड समित्यांना खुले पत्र

प्रति,
तेरा आणि चौदा वर्षांखालील मुलामुलींचे बास्केटबॉल संघ निवडणाऱ्या महाराष्ट्रातील निवड समित्यांचे सर्व सदस्य आणि शालेय प्रशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी गेली अठरा वर्षे शाळेतल्या मुलामुलींना बास्केटबॉल शिकवते. आपल्यापैकी अनेकांना मी मैदानावर भेटले आहे आणि आपली खेळावरची माया मी पाहिली आहे. रविवारची सुटी बाजूला ठेवून, भर उन्हात शंभर-दीडशे मुलांमधून बारा जण निवडण्याचे काम किती अवघड असते याची मला कल्पना आहे. म्हणूनच तक्रार अर्जाऐवजी हे पत्र लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी एका निवड चाचणीला मी माझ्या सात मुली घेऊन गेले होते. मैदानालगतच्या खोलीच्या भिंतीवर खडूने एक आडवी रेघ ओढलेली होती. प्रत्येक मुलीला त्या भिंतीला पाठ लावून उभे केले गेले. डोके रेघेच्या वर गेले तर एक रांग, खाली राहिले तर दुसरी. उंच मुलींची चाचणी रिंगखाली झाली आणि बुटक्या मुलींना ड्रिबल आणि शॉट तपासून परत पाठवण्यात आले. बचाव करताना त्यांना कोणी पाहिलेच नाही. माझ्या संघातली सर्वांत चिवट बचाव करणारी मुलगी त्या दिवशी १४४ सेंटिमीटर उंचीची होती, आणि तिच्या नावापुढे शेरा होता, ‘उंची कमी, डिफेन्सला उपयोग नाही.’ परतीच्या एस.टी.त ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसली आणि मग तिने मला विचारले, “मॅडम, मी उंच झाले की मला डिफेन्स येईल का?” ज्या मुलीला बचाव आधीच येत होता तिला आपण सगळ्यांनी मिळून असा प्रश्न पडायला लावला, आणि त्याचे उत्तर देणे आपल्या सर्वांचे काम आहे असे मला वाटते.

प्रथम जे खरे आहे ते मान्य करते. उंचीचा उपयोग होतो आणि रिंगजवळ तो फार होतो. रिंग ३.०५ मीटर उंचीवर आहे आणि ती कोणासाठी खाली येत नाही. अमेरिकेतील एन.बी.ए.मध्ये वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार १९८२-८३च्या हंगामापासून दिला जातो आणि त्या यादीत उंच, धिप्पाड खेळाडूंचीच गर्दी आहे. ७ फूट १ इंच उंचीचा फ्रान्सचा रूडी गोबेर याने तो चार वेळा मिळवला. १९९६ साली गॅरी पेटनला तो मिळाल्यानंतर पुढचा गार्ड (चेंडू पुढे आणणारा, तुलनेने बुटका खेळाडू), म्हणजे मार्कस स्मार्ट, त्या यादीत यायला २०२२ साल उजाडावे लागले. टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या मुलींनी अंतिम फेरीपर्यंत धडक मारली, पण त्या सामन्यात २.०६ मीटर उंचीच्या ब्रिटनी ग्रायनरने तीस गुण केले आणि अमेरिकेने सुवर्णपदक नेले. हे सगळे मला माहीत आहे आणि मुलांपासूनही मी ते लपवत नाही. एन.बी.ए.मधल्या ५ फूट ३ इंचांच्या मग्सी बोग्जने ७ फूट उंच पॅट्रिक युइंगचा शॉट अडवला होता, ही गोष्ट सांगून बुटक्या मुलांना धीर देण्याची पद्धत मला पटत नाही. बोग्ज अपवाद होता आणि अपवादावर निवडीचे धोरण बेतता येत नाही.

पण आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. पंचवीस वर्षांच्या व्यावसायिक खेळाडूची उंची त्याच्या बचावाला किती हातभार लावते हे आपल्याला ठरवायचे नाही. तेरा वर्षांच्या मुलाची आजची उंची त्याच्या उद्याच्या बचावाबद्दल काय सांगते, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

मुलींची उंची सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते, आणि ऐन भरात मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरही वाढतो. परंतु ही सरासरी आहे. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन तेरा वर्षांच्या मुलांपैकी एकाची हाडे अकरा वर्षांच्या मुलासारखी आणि दुसऱ्याची पंधरा वर्षांच्या मुलासारखी असू शकतात. वयोगटाची कट-ऑफ तारीख १ जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात, आणि त्या वयात अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे खांद्याइतका फरक पडू शकतो. मुलींच्या बाबतीत तर आणखी सावध राहायला हवे. पाळी सुरू झाल्यानंतर बहुतेक मुलींची उंची साधारण पाच ते सात सेंटिमीटरच वाढते. म्हणजे आठवीत सर्वांत उंच दिसणारी मुलगी कदाचित तिची जवळजवळ सगळी वाढ संपवून आपल्यासमोर उभी असते आणि तिच्या शेजारची किरकोळ मुलगी वाढीच्या उंबरठ्यावर असते. भिंतीवरची रेघ त्या क्षणी कोण कुठवर पोहोचले आहे हे दाखवते. कोण कुठवर जाणार आहे हे तिला कळत नाही.

एन.बी.ए.चा डेनिस रॉडमन हे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. शाळा संपली तेव्हा तो सुमारे ५ फूट ११ इंच होता. पुढे डॅलसच्या विमानतळावर रात्रपाळीत साफसफाईचे काम करणारा हा मुलगा अचानक वाढू लागला आणि ६ फूट ७ इंचांवर पोहोचला. १९९० आणि १९९१ साली तो सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि १९९२पासून सलग सात हंगाम रिबाउंडमध्ये (हुकलेल्या शॉटचा चेंडू मिळवण्यात) पहिला राहिला. ऐन शाळकरी वयात त्याला आपल्या रेघेपुढे उभे केले असते तर तो कोणत्या रांगेत गेला असता, याचा विचार करावा. अँथनी डेव्हिसचेही असेच. शाळेत बरीच वर्षे तो गार्ड म्हणून खेळला, मग थोड्या काळात उंच झाला आणि पुढे तीन वेळा त्याने एन.बी.ए.मध्ये सर्वाधिक ब्लॉकची (हवेतच शॉट अडवण्याची) सरासरी राखली. उंची त्याला उशिरा मिळाली, पण गार्डचे पाय त्याने आधीच कमावले होते.

पायांचाच मुद्दा मला अधिक विस्ताराने मांडायचा आहे, कारण आपल्याकडे ‘डिफेन्स’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर ब्लॉक येतो. एका सामन्यात ब्लॉक किती होतात ते स्कोअरशीट शेजारी ठेवून मोजून पाहावे. माझ्या अनुभवात चौदा वर्षांखालील मुलींच्या सामन्यात ते बोटांवर मोजण्याइतके असतात. उरलेला सगळा बचाव जमिनीवर होतो. चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूसमोर गुडघे वाकवून उभे राहणे, तिने डावीकडे पहिले पाऊल टाकताच आपले कंबरेपासून वळणे, तिने चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकून दिशा बदलली (क्रॉसओव्हर) तर पाय एकमेकांत न अडकवता पुन्हा समोर येणे, शॉट घेणाऱ्याकडे धावत जाताना शेवटची दोन पावले आखूड करून थांबणे, दुबळ्या बाजूला, म्हणजे चेंडू नसलेल्या बाजूला, उभे राहून एका नजरेत आपला खेळाडू आणि दुसऱ्या नजरेत चेंडू ठेवणे, मदतीला जायचे की नाही हे पास हातातून सुटण्याआधी ओळखणे, आणि शॉट सुटताच चेंडूकडे पाहत न बसता प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन बॉक्सआउट करणे, हा खरा बचाव आहे. यातली कोणती गोष्ट उंचीने येते? उलट कंबर जमिनीच्या जवळ असलेल्या मुलीला वळणे सोपे जाते, आणि जी मुलगी नुकतीच वर्षभरात आठ सेंटिमीटर वाढली आहे तिचे पाय तिच्या ताब्यात यायला वेळ लागतो. त्या काळात अनेक मुलांच्या गुडघ्याखालचे हाड दुखते, धाव अडखळते, तोल जातो. अशा वेळी तिला ‘आळशी’ म्हणणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत.

महाराष्ट्राच्या मातीत ही समज नव्याने रुजवण्याची गरज नाही. कबड्डीत कोपऱ्यात उभा राहणारा खेळाडू किती उंच आहे हे आपण विचारत नाही. चढाई करणाऱ्याचा पाय कधी मागे राहील हे त्याला आधी कळते का, एवढेच आपण पाहतो. खो-खोत तर वय, उंची आणि वजन यांवरून निर्देशांक काढून मुलांचे गट पाडण्याची पद्धत होती. केवळ जन्मतारखेवरून मुलांची बरोबरी लावता येत नाही, हे आपल्या क्रीडाशिक्षकांनी मैदानावर ओळखले होते. आज युरोपातल्या फुटबॉल अकादम्या शरीराच्या वाढीनुसार गट पाडतात आणि बेल्जियमच्या फुटबॉल महासंघाने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे संघच चालवले, तेव्हा मला आपल्या खो-खोच्या त्या तक्त्यांची आठवण होते.

शरीराचे माप घ्यायचेच असेल तर उंचीपेक्षा बचावाला अधिक जवळची मापे आहेत. दोन्ही हात पसरून घेतलेली लांबी आणि उभे राहून वर केलेल्या हाताची उंची ही त्यांपैकी दोन. गोबेरच्या उंचीची चर्चा होते, पण त्याचे पसरलेले हात सुमारे ७ फूट ९ इंच भरतात. ड्रेमंड ग्रीन अवघा ६ फूट ६ इंच असल्याने २०१२ सालच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एन.बी.ए. संघांच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, चौतीस खेळाडूंची निवड झाल्यावर त्याचा नंबर लागला. एन.बी.ए.च्या मानाने सेंटर (रिंगजवळ खेळणारा खेळाडू) म्हणून तो बुटकाच होता. त्याचे लांब हात, रुंद बांधा आणि त्याहून अधिक म्हणजे चार पावले पुढचा खेळ वाचण्याची हातोटी यांमुळे तो स्वतःहून अर्धा फूट उंच खेळाडूंना रोखत राहिला आणि २०१७ साली सर्वोत्तम बचावपटू झाला. भिंतीवरच्या रेघेत हातांची लांबीसुद्धा दिसत नाही. खेळ वाचणे तर दूरच राहिले.

जपानच्या संघाचा उल्लेख मी वर त्यांच्या पराभवासाठी केला, आता त्यांच्या वाटचालीसाठी करते. त्यांची १.९३ मीटर उंचीची रामू तोकाशिकी गुडघ्याच्या दुखापतीमुळे संघात नव्हती. स्पर्धेतल्या सर्वांत बुटक्या संघांपैकी तो एक होता. तरी त्यांनी उपांत्य सामन्यात फ्रान्सला ८७-७१ असे हरवले आणि १.६२ मीटर उंचीच्या रुई माचिदाने त्या सामन्यात अठरा असिस्ट (थेट गुण मिळवून देणारे पास) दिले. त्यांचा बचाव मैदानभर होता. चेंडू रिंगजवळ उंच खेळाडूच्या हाती पोहोचण्याआधीच पास देणारीवर दडपण आणायचे, पोस्टमधल्या, म्हणजे रिंगजवळ पाठ करून उभ्या असलेल्या, खेळाडूच्या पुढे उभे राहायचे, सतत एकमेकींना हाका मारत जागा बदलायच्या. आपल्या मुलींची शरीरयष्टी फ्रान्स किंवा अमेरिकेपेक्षा जपानच्या मुलींच्या अधिक जवळची आहे. आदर्श कोणाचा ठेवायचा हे ठरवताना एवढे तरी ध्यानात घ्यावे.

उंचीवरून निवड करण्याने बुटक्या मुलांचे नुकसान होते हे सहज दिसते. उंच मुलांचेही तितकेच नुकसान होते, ते मात्र दिसायला वर्षे लागतात. हे मी माझ्या स्वतःच्या चुकीवरून सांगते. दहा वर्षांपूर्वी माझ्याकडे आठवीत एक मुलगी आली, १७० सेंटिमीटर उंच. आमच्या जिल्ह्यात त्या वयाची तेवढी उंच मुलगी दुसरी नव्हती. मी तिला दोन-तीन झोनमध्ये (दोघी पुढे, तिघी मागे, प्रत्येकीने खेळाडूऐवजी आपली जागा राखायची) रिंगखाली उभे केले आणि हात वर ठेवायला सांगितले. आंतरराष्ट्रीय नियमांत बचाव करणाऱ्याने रिंगखालच्या भागात तीन सेकंदांपेक्षा अधिक थांबू नये असे बंधन नाही. एन.बी.ए.मध्ये ते २००१पासून आहे, आपल्याकडे नाही, त्यामुळे ती संपूर्ण सामना तिथेच उभी राहू शकत होती आणि राहिली. आम्ही दोन वर्षे जिल्हा जिंकलो. मला शाबासकी मिळाली. सतरा वर्षांखालील गटात गेल्यावर समोरच्या मुली तिच्या बरोबरीला आल्या होत्या आणि तिची उंची मात्र जेमतेम दोन सेंटिमीटर वाढली होती. आता तिला रिंगपासून दूर जाऊन चेंडू असलेल्या खेळाडूला रोखायचे होते आणि तिला सरकता येत नव्हते, कारण मी तिला सरकायला कधी शिकवलेच नव्हते. पहिल्या तीन सामन्यांत ती पाच-पाच फाउल करून बाहेर बसली. त्या वर्षाअखेर तिने खेळ सोडला. तिच्या आईने मला विचारले होते, “आमची मुलगी एवढी चांगली खेळायची, मग अचानक काय झालं?” मी तेव्हा अभ्यासाच्या ताणाचे कारण पुढे केले. खरे उत्तर मी आज या पत्रात लिहीत आहे.

पंजाबच्या बल्लो के गावचा ७ फूट २ इंच उंचीचा सतनाम सिंग भामरा २०१५ साली एन.बी.ए.च्या डॅलस मॅव्हरिक्सने ड्राफ्टमध्ये बावन्नाव्या क्रमांकावर निवडला तेव्हा आपण सर्वांनी आनंद साजरा केला आणि तो साजरा करण्यासारखाच होता. भारतात जन्मलेला कोणीही त्याआधी तिथवर पोहोचला नव्हता. पुढे मात्र त्याला एन.बी.ए.चा एकही सामना खेळायला मिळाला नाही. त्या पातळीवर उंच माणसालाही तीन-पॉइंटच्या रेषेपर्यंत बाहेर येऊन चपळ गार्डसमोर उभे राहावे लागते. त्याच्या मेहनतीबद्दल मला नितांत आदर आहे. त्याच्या प्रवासातून आपण ‘आणखी उंच मुले शोधा’ एवढाच धडा घेतला, याचे मला वाईट वाटते. उंच मुलांना लहानपणापासून गार्डसारखे पाय आणि नजर देणे, हा धडा त्यात होता.

म्हणून माझी आपणास विनंती आहे. चाचणीत उंची जरूर मोजावी, पण गाळणी म्हणून तिचा वापर करू नये. तिच्या शेजारी हातांची लांबी, जन्माचा महिना आणि शक्य असेल तर आईवडिलांची उंची नोंदवावी. आईवडिलांच्या उंचीची सरासरी काढून मुलासाठी साडेसहा सेंटिमीटर मिळवले आणि मुलीसाठी तेवढेच वजा केले की होणाऱ्या उंचीचा ढोबळ अंदाज मिळतो. तो आठ-नऊ सेंटिमीटरांनी इकडे-तिकडे होऊ शकतो, तरी आजच्या मापापेक्षा तो अधिक उपयोगी आहे. प्रत्येक मुलाला, रेघेच्या वरच्या आणि खालच्या, बचाव करताना निदान सहा-सात मिनिटे पाहावे. अरुंद पट्ट्यात एकास एक आणि मग चारास चारचे शेल ड्रिल (चेंडू फिरेल तशी बचावाची जागा बदलण्याचा सराव), एवढे पुरेसे आहे. त्यात चेंडू कोणी हिसकावला याहून, चेंडू दुसऱ्या बाजूला गेला तेव्हा कोणाची मान वळली, कोण आधी निघाले, कोण बोलत होते आणि चकवा बसल्यावर कोण पुन्हा धावले, हे टिपावे. बारा जणांच्या संघात दोन जागा तरी वाढ उशिरा होणाऱ्या मुलांसाठी मनाशी धरून ठेवाव्यात. ज्यांची निवड झाली नाही त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा बोलावले जाईल हे त्यांच्या शाळेला कळवावे, कारण तेराव्या वर्षी नाकारलेले मूल चौदाव्या वर्षी बहुधा मैदानावर येतच नाही.

आणि एक विनंती स्पर्धांच्या आयोजकांना पोहोचवावी. चौदा वर्षांखालील सामन्यांत झोन बचावाला मनाई करण्याचा विचार व्हावा. ऑस्ट्रेलियात कनिष्ठ स्पर्धांमध्ये असा नियम आहे. मुलांना एकास एक बचाव करावा लागला तर उंच मुलगी रिंगखालून बाहेर येईल, बुटकी मुलगी बॉक्सआउट शिकेल, आणि माझ्यासारख्या प्रशिक्षकाला जिल्हा जिंकण्यासाठी एखाद्या मुलीला खांबासारखे उभे करण्याचा मोह होणार नाही. सुरुवातीला गुण जास्त होतील, सामने विस्कळीत दिसतील, पालक कुरकुरतील. दोन हंगाम ते सोसावे लागेल.

एस.टी.त प्रश्न विचारणारी माझी ती मुलगी अजून खेळते. या जूनमध्ये ती १५५ सेंटिमीटर भरली, तिचे हात १६१ सेंटिमीटर आहेत आणि तिची वाढ अजून थांबलेली नाही. आता ती सतरा वर्षांखालील गटात आली आहे आणि येत्या चाचणीला मी तिला घेऊन येणार आहे. आपल्याकडच्या सर्वांत चपळ गार्डला चेंडू द्यावा, या मुलीला तिच्यासमोर उभे करावे आणि तीन मिनिटे शिट्टी न वाजवता पाहावे, एवढेच माझे मागणे आहे. त्यानंतर आपण जो निर्णय घ्याल तो मी तिला समजावून सांगेन.

आपली नम्र,
एक शालेय बास्केटबॉल प्रशिक्षिका